एकोणिसावा एक

बेकरीवाल्याचं खरं नाव काय, असं त्याच्या गल्लीत कुणी विचारलं असतं तर दहा मिनिटं चर्चा झाली असती आणि निष्पन्न काहीच झालं नसतं. सगळे त्याला 'वरएक' म्हणत. सहा पाव मागा, तो सहा मोजणार आणि सातवा वर टाकणार. डझनभर बिस्किटं मागा, तेरावं आलंच म्हणून समजा. बापाची शिकवण होती ती. बाप म्हणायचा, मोजलं ते गिऱ्हाइकाचं, वरचं ते आपलं. बाप गेला, भट्टी राहिली आणि ही खोड राहिली. आता तर तिच्याशी त्याच्या डोक्याचा काही संबंधच उरला नव्हता. डोकं मोजून थांबायचं आणि हात आपला पुढे जायचा. चांगल्या सवयीचं हेच वाईट, ती विचारून येत नाही.

अशा माणसाकडे त्याची थोरली बहीण राहायला यावी, आणि ती जन्मभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली असावी, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. वरएकने त्याला दुष्काळातला तेरावा महिना म्हटलं; अर्थात मनातल्या मनात. ताईसमोर मोठ्याने म्हणायची त्याची काय बिशाद.

ताई आली होती ती नवऱ्याशी भांडून. भाऊजीही गणिताचेच, त्याच शाळेतले. माणूस सोन्यासारखा, पण आकड्यांच्या पुरता नादी लागलेला. बसवरचा आकडा दिसो नाहीतर बुटावरचा, त्याचे अवयव पाडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. झालं असं, की एका संध्याकाळी दोघं शेजाऱ्यांकडे जेवायला गेले. तिथे कुणीतरी सहज विचारलं, तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली हो? भाऊजींचा चेहरा उजळला. सदतीस, ते म्हणाले, आणि सदतीस ही काय चीज आहे ठाऊक आहे का? तिथून जी गाडी सुटली ती सुटलीच. सदतीस त्रिक एकशे अकरा, सदतीस सक दोनशे बावीस, सदतीस नव्वे तीनशे तेहेतीस, असं करत करत ते थेट नऊशे नव्व्याण्णवपर्यंत गेले. यजमान थक्क झाले. सूप थंड झालं. सदतीसबद्दल जे जे म्हणून सांगता येईल ते सगळं भाऊजींनी सांगितलं, फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही, की ती सदतीस वर्षं त्याच दिवशी पुरी होत होती. ताई सकाळपासून ठेवणीतली कर्णफुलं घालून बसली होती. ती घरी आली, बॅग भरली आणि भावाच्या बेकरीवरच्या खोलीत येऊन राहिली. तिचं म्हणणं एवढंच, की यांना सदतीस कळतं, वर्षं कळत नाहीत.

बहीण आली म्हणून वरएकला आनंदच झाला होता. एरवी नव्याचे नऊ दिवस तरी असतात. इथे चारच निघाले. पाचव्या दिवशी ताई खाली उतरली, काउंटरमागे उभी राहिली आणि तिने भावाला सातवा पाव टाकताना पाहिलं. त्या दुपारी तिने त्याला बसवून पटवून दिलं, की डझनमागे एक वर टाकला की बारा गिऱ्हाइकांत एक अख्खा डझन हवेत विरतो. मग कायदा आला. सहा म्हणजे सहा. पीठ मापून, साखर मापून, आणि क्रीमसुद्धा लागेल तेवढंच, चमच्यानं तोलून. पूर्वी केकवर नक्षी काढून झाली की पिळायच्या कोनात उरलेलं क्रीम कुणाच्या ना कुणाच्या तोंडात जायचं. आता कोन धुवायचीसुद्धा गरज पडेना, इतका तो कोरडा परत यायचा. जास्तीचं काही ठेवायचंच नाही, ताई म्हणायची, जास्तीमुळेच घोटाळे होतात.

गल्लीतली एक आजी रोज संध्याकाळी पाचला सहा पाव न्यायला यायची आणि सातवा तिथेच पायरीवर बसून, दम खात, चावून चावून खायची. कायद्याच्या पहिल्या दिवशी तिने पिशवीत पाहिलं, ताईकडे पाहिलं, मग वरएककडे पाहिलं आणि न बसताच निघून गेली. काही बोलली असती तर बरं झालं असतं. वरएकला रात्री जेवण गेलं नाही.

तेव्हा ताई आपल्या घरी परत गेली पाहिजे, हे तर उघड होतं. पण बहिणीला जा म्हणणारा भाऊ अजून जन्माला यायचा आहे. आणि खरं सांगायचं तर त्याला तिची कीवही येत होती. दुपारी ती वरच्या खिडकीत बसायची, रस्त्याकडे तोंड करून. समोरच्या थांब्यावर बस थांबली की तिची मान लांब व्हायची. उतरणारे उतरले की आखूड व्हायची. तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, हवा खातेय. एवढी हवा कुणी खात नाही.

भाऊजी आले ते मागच्या दाराने, आणि तेही ताई जिन्यावरून वर गेल्याची खात्री करून. दाढी वाढलेली, एका पायात काळा मोजा, दुसऱ्यात निळा. वरएकने त्यांना पिठाच्या पोत्यावर बसवलं. बराच वेळ ते भट्टीच्या उष्णतामानाविषयी बोलत राहिले. शेवटी वरएकनेच विषयाला हात घातला, की भाऊजी, सरळ वर जा आणि चुकलो म्हणा, दोन शब्दांचं काम आहे. भाऊजी म्हणाले, त्या दोन शब्दांपाशीच तर घोडं अडतं. तोंड उघडलं की आकडाच बाहेर येतो.

म्हणून त्यांनी ठरवलं होतं, की आकड्यानेच बोलायचं. त्यांना एक केक हवा होता, चांगला हातभर लांब, आणि त्यावर एका ओळीत एकोणीस एक. नाव नाही, फुलं नाहीत, नुसता एकाशेजारी एक, एकाशेजारी एक, एकोणीस वेळा. वरएकने विचारलं, हा काय प्रकार? मग भाऊजींनी टेबलावर पीठ पसरलं आणि बोटानं तो आकडा लिहून दाखवला.

या आकड्यावर त्यांचं लग्न जमलं होतं. ताई शाळेत नवीन लागली तेव्हा भाऊजींनी शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर हे एकोणीस एक लिहिले आणि खाली लिहिलं, तोडून दाखवा. बाकीच्यांनी डस्टर फिरवलं. ताईने मात्र आकडा मनावर घेतला. अख्खी सुट्टी ती भागत बसली. एकशे एक्क्याण्णवने भागून पाहिलं, दोनशे एकोणतीसने भागून पाहिलं, दर वेळी काहीतरी उरायचंच. सुट्टी संपल्यावर ती तरातरा त्यांच्यासमोर आली आणि म्हणाली, हा तुटत नाही. भाऊजी म्हणाले, तुटतच नाही, मूळ संख्या आहे. मग मला सुट्टीभर भागायला कशाला लावलंत, म्हणून ती भडकली. तुम्ही परत येऊन माझ्याशी बोलाल म्हणून, भाऊजी म्हणाले. जन्मात तेवढं एकच वाक्य त्यांना वेळेवर सुचलं होतं.

मूळ संख्या म्हणजे काय, हे त्यांनी वरएकला त्याच्याच भाषेत सांगितलं. बारा बिस्किटं ट्रेमध्ये तीन-तीनच्या ओळीत बसतात, चार-चारच्याही बसतात. तेरा बसत नाहीत. कशाही ओळी लावा, शेवटची ओळ अर्धवटच राहते. आता एकोणीस एकांचा हा जो आकडा आहे, एवढी बिस्किटं जर भाजलीस, तर कितीच्याही ओळी लाव, शेवटची कधीच पुरी होणार नाही. वरएक म्हणाला, मग ही तर कटकटच की. भाऊजींचे डोळे चमकले. कटकट नाही, ते म्हणाले, एकसंध आहे तो. आपल्याकडे एकं, दहं, शतं करत जी नावं आहेत ती अठराव्या घराला परार्धापाशी संपतात. हा त्याच्याही पुढच्या घरात उभा आहे. त्या घराला नावसुद्धा नाही.

"पण एक लक्षात ठेव," ते वरएकचा हात धरून म्हणाले. "एकोणीसच. एक जास्त झाला तर याचे सात तुकडे होतात. एक कमी झाला तर काय होतं ते सांगायलाही मला लाज वाटते. तिला ते बघताक्षणी कळेल, आणि ती त्याचा अर्थ लावेल."

वरएकने गळ्याची शपथ घेतली. रविवारी संध्याकाळी पाचला यायचं ठरलं.

रविवारी ताई जेवून वर आडवी झाली आणि वरएक कामाला लागला. केक फळीवर चढवला, पांढरं क्रीम थापलं, वर चॉकलेटच्या क्रीमचा कोन भरला. क्रीम अर्थातच कायद्याप्रमाणे, ताईने सकाळीच चमच्याने तोलून दिलेलं. तिला वाटलं, कुणाच्या वाढदिवसाचं असेल. वरएकने श्वास रोखला आणि डावीकडून सुरुवात केली. प्रत्येक एकाला नीट डोकं, नीट पाय. तो मोठ्याने मोजत होता. सतरा, अठरा, एकोणीस. थांबला. कपाळावरचा घाम पुसला. आणि आता काय सांगू, हाताने जे करायचं ते केलं. कोनात शेवटचं बोटभर क्रीम होतं, ते विसावा एक होऊन ओळीच्या शेवटी जाऊन बसलं. वरएकने समाधानानं केकवर जाळीचं झाकण ठेवलं आणि शेजारच्या खोलीत भट्टीतले पाव काढायला गेला.

भाऊजी ठरल्या वेळेच्या आधीच आले, मागच्या दाराने. दाढी केलेली, दोन्ही मोजे काळे. टेबलावर केक पाहिला, झाकण उचललं आणि मोजला. वीस. पुन्हा मोजला. पुन्हा वीसच. त्यांच्या डोळ्यांसमोर त्याचे सातही तुकडे दिसायला लागले. पण माणूस भिडस्त. बिचाऱ्याने एवढ्या मेहनतीने केलंय, त्याला कशाला बोलायचं? सगळे एक सारखेच, कुठलाही गेला तरी चालतो. तेव्हा त्यांनी ओळीच्या डावीकडचा पहिला एक बोटानं उचलला, खाल्ला, जागा सारखी केली, झाकण परत ठेवलं आणि हात धुवायला मागच्या नळाकडे गेले.

इकडे भट्टीपाशी वरएक टोपलीत पाव भरत होता. बारा मोजून झाले आणि त्याने पाहिलं, की त्याचा हात तेरावा घेऊन टोपलीकडे निघाला आहे. त्याच्या पाचावर धारण बसली. हाच हात, हीच खोड. आणि आज एकोणीसनंतर तो काय करून बसला असेल? पाव तिथेच टाकून तो धावत आला, झाकण काढलं आणि मोजायला लागला. आता एकासारखे एक उभे असले की मोजणं सोपं नसतं, तुम्ही करून बघा. सात झाले, आठ झाले, नववा आधी मोजला होता की दहावा, डोळ्यांपुढे नुसतं कुंपण. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा सुरुवात केली तर जिन्यावर ताईच्या चपला वाजल्या. मोजायला वेळच नव्हता. पण मोजायची गरज तरी काय? स्वतःच्या हाताला तो चाळीस वर्षं ओळखत होता. त्याने सुरी घेतली, ओळीच्या उजवीकडचा शेवटचा एक उचलला आणि पुरावा तोंडात टाकून झाकण ठेवलं.

म्हणजे बघा, दोन सज्जन माणसं, दोघांनीही चूक सुधारली, आणि दोघांनी मिळून वाट लावली.

ताई खाली आली तेव्हा नळाकडून भाऊजीही आत आले. दोघं समोरासमोर उभे राहिले. ताईच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते वरएकने पाहिलं, आणि त्याला वाटलं, काम फत्ते. पण तिने लगेच चेहरा आवरला आणि कशाला आलात, असं विचारलं. भाऊजींनी तोंड उघडलं, मिटलं आणि झाकण काढलं.

तिने केककडे पाहिलं. मग ती हळूहळू हसायला लागली, हात गालाकडे गेला. वरएकला कळलं, तिला तो फळा दिसला. पण गणिताची बाई ती. डोळे आपोआप ओळीवरून डावीकडून उजवीकडे गेले, परत आले, आणि हसू विझलं.

"अठरा आहेत," ती म्हणाली.

दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं. भाऊजी म्हणाले, शक्य नाही. वरएक म्हणाला, शक्य नाही. आणि दोघं एकदम मोजायला वाकले, तेव्हा त्यांची डोकी आपटली.

ताईचा आवाज वर्गातला झाला. अठरा एक, बेरीज अठरा, म्हणजे तीनने भाग जातो, नऊने जातो. जोड्या लावल्या की अकराने जातो. सात, तेरा, एकोणीस, सगळ्यांनी जातो. जिथे धराल तिथून तुटतो. "आणि सदतीसनेसुद्धा जातो," ती भाऊजींकडे बघत म्हणाली. "तीन-तीन एक एकत्र घ्या, एकशे अकरा होतात. तुम्हीच शिकवलंत सगळ्यांना, सूप थंड होईपर्यंत. म्हणजे सदतीस वर्षांनी आपला भाग जातो, हेच सांगायला आलात ना? की हेसुद्धा मोजायचं राहून गेलं?"

ती रडत नव्हती, पण ते काही बरं लक्षण नव्हतं. भाऊजी पांढरेफटक पडले. आता गप्प राहिलो तर बहीण कायमची आपल्या डोक्यावर, आणि मेहुण्याचं घर कायमचं रिकामं, हे वरएकला स्वच्छ दिसलं. तो म्हणाला, ताई, एक मी खाल्ला. भाऊजी चमकून म्हणाले, तू खाल्लास? अरे, एक मी खाल्ला. ताईने दोघांना टेबलाजवळ उभं केलं, एकाच्या मिशीवरचं आणि दुसऱ्याच्या हनुवटीवरचं चॉकलेट पाहिलं आणि उलटतपासणी घेतली. आधी किती होते? वीस. सांगितले किती होते? एकोणीस. मग वीस झाले कसे? यावर वरएकने नुसता आपला उजवा हात पुढे केला, जसा काही तो दुसऱ्याच कुणाचा होता.

तिने त्या हाताकडे पाहिलं. बापाचाही असाच होता.

वरएक घाईघाईने म्हणाला, त्यात काय, आत्ता एक काढून देतो. त्याने कोन उचलला, पिळला, पुन्हा पिळला. कोनातून नुसती हवा आली. वाटी पाहिली, वाटी चाटून पुसून स्वच्छ. जास्तीचं काही ठेवायचंच नाही, हा कायदा. एकोणिसाव्या एकापुरतंही क्रीम त्या बेकरीत उरलं नव्हतं. त्याने रिकामा कोन ताईसमोर टेबलावर ठेवला, आणि ताईचा चेहरा पडला.

मग ती भाऊजींकडे वळली. आवाज खाली आला होता. "एक वाक्य बोला," ती म्हणाली. "फक्त एक. त्यात आकडा असता कामा नये."

भाऊजींनी छताकडे पाहिलं. फळीवरच्या डब्यांकडे पाहिलं, त्यावरच्या आकड्यांवरून नजर कशीबशी काढून घेतली. त्यांचे ओठ दोनदा हलले. वरएकने मनातल्या मनात देवाला हात जोडले.

"घरी करमत नाही गं," भाऊजी म्हणाले.

त्यापुढे त्यांना काही सुचलं नाही, आणि सुचलं नाही हे फार बरं झालं. ताईने नाक ओढलं. कर्णफुलं तिने अजून काढलेली नव्हती, हे वरएकच्या आत्ता लक्षात आलं. ती टेबलापाशी आली, ओळीच्या डाव्या टोकाला, जिथे भाऊजींनी खाऊन सारखी केलेली रिकामी जागा होती, तिथे वाकली आणि आपलं उजव्या हाताचं पहिलं बोट तिने क्रीमवर आडवं न ठेवता, बाकीच्या एकांच्या शेजारी, त्यांच्यासारखंच उभं ठेवलं. वयामुळे तिचं ते बोट शेंड्याला थोडं वाकलं होतं, त्यामुळे डोकंही बरोबर जमलं.

"आता मोजा," ती म्हणाली.

भाऊजींनी मोजलं. एकेका एकाला ते एकं, दहं, शतं असं नावाने पुकारत गेले, उजवीकडून डावीकडे. परार्ध झालं आणि नावं संपली. पुढे ताईचं बोट होतं. भाऊजी तिथे थांबले. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि तुटत नाही, एवढंच म्हणाले.

वरएकला हे सगळं डोळ्यांत साठवत उभं राहायचं होतं, पण त्याला व्यवहारही होताच. त्याने हळूच विचारलं, मग केक कापायचा कसा? ताईने बोट उचललं की अठरा, आणि अठरा म्हणजे पुन्हा सगळं मुसळ केरात. भाऊजी गंभीरपणे म्हणाले, कापता येणारच नाही. ताई म्हणाली, थांबा जरा, मला उभं राहू दे. पाठ वाकवून, बोट क्रीममध्ये रुतवून ती उभी होती, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला दुसरा हात होता, तो भाऊजींनी धरून ठेवला होता.

तेवढ्यात बाहेर काउंटरवर कुणीतरी खाकरलं. पाच वाजले होते; आजी आली होती. तिने पिशवी पुढे केली आणि सहा पाव मागितले, असे की जणू जास्तीची आशा तिने केव्हाच सोडून दिली आहे. वरएकने सहा मोजले. हात सातव्याकडे निघाला आणि मधेच थबकला. त्याने आतल्या दाराकडे पाहिलं.

ताई मान वळवून तिकडेच बघत होती. बोट जागचं हललं नव्हतं.

"अरे, बघतोस काय," ती आतूनच म्हणाली. "वर एक टाक की."